टेल्युरियमचा चातुर्मास

माझ्या तोंडाला लसणाचा वास येतो हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं, एक मी सोडून. सकाळी डबे भरताना मी नवऱ्याशी काहीतरी बोलत होते आणि तो मान वळवून, खिडकीकडे बघत ऐकत होता. मी चिडून म्हटलं, "माझ्याकडे बघून ऐक की." तर तो हळूच म्हणाला, "काल बाहेर काही खाल्लंस का गं?" आणि लगेच गप्प झाला, कारण स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. आषाढी एकादशी होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

आमच्याकडे चातुर्मास कडक असतो. कांदेनवमीला भजी, भरलं वांगं, लसणाची चटणी असं सगळं एकदाचं हादडून घ्यायचं, कांद्या-लसणाची टोपली धुऊन माळ्यावर पालथी घालायची आणि मग थेट कार्तिकीपर्यंत तिचं नाव काढायचं नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत आता एवढं पाळणारं दुसरं घर नसेल. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून पाळत आल्या आहेत. बाळंतपणातही त्यांनी मोडलेलं नाही, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं.

माझं माहेर शहराला लागूनच, मखमलाबादच्या पुढे. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर काढायची आणि पहाटे बाजारात न्यायची, हा आमचा धंदा. आमच्याकडे लसूण म्हणजे मिठासारखा. आमचं लग्न आमच्या मनाने झालं, आणि पहिल्याच चातुर्मासात माहेरहून आलेल्या माझ्या डब्यात ठेचा सापडला. तेव्हा मी तोंड वर करून म्हटलं होतं, "मी खाणार, मला हे पटत नाही." घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. पुढे मीच पाळायला लागले. श्रद्धा वगैरे नाही, पण सासूबाईंना माझ्यासाठी वेगळी भाजी करावी लागायची आणि त्या ती निमूट करायच्या. त्या निमूटपणाला मी कंटाळले.

म्हणजे माझ्यावर संशय घ्यायला जुनी जागा होतीच. सासूबाई दारातून आत आल्या. कढईवरचं झाकण त्यांनी उगाच उचललं आणि पुन्हा ठेवलं.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई घरात मानली जाते ती फक्त तांब्याची भांडी काळी पडली की. कारखान्यात आम्ही तांब्याच्या कांबी करतो, विजेच्या जोडण्यांसाठी लागणाऱ्या. नुसतं तांबं यंत्रावर कापायला गेलं तर चिवट, हत्याराला चिकटतं. त्यात किंचित टेल्युरियम घातलं की काप सुटसुटीत पडतात आणि तांब्याचं तांबेपणही जात नाही.

टेल्युरियम दिसायला चांदीसारखं चकचकीत. नव्या पोरांना मी नेहमी विचारते, हा धातू का? सगळे मान डोलावतात. मग मी त्याच्यावर हातोडी मारते आणि ते खडीसाखरेसारखं फुटतं. धातू असता तर चपटा झाला असता. वीज वाहून नेतं, पण कुरकुरत. मूलद्रव्यांच्या तक्त्यात डावीकडे धातूंची मोठी वस्ती आहे आणि उजवीकडे कोपऱ्यात अधातू. दोघांच्या मधून जिन्यासारखी एक जाड रेघ उतरते, आणि त्या रेघेच्या कडेने हे लोक राहतात: बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, अर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम. शाळेच्या पुस्तकात त्यांना धातुसदृश म्हणतात. तसे ते घरोघरी असतात. कॅरमच्या पावडरीत बोरॉन, मोबाइलमध्ये सिलिकॉन, सोमलात अर्सेनिक, सुरम्यात अँटिमनी. पण त्यांची यादी नेमकी कुठे संपवायची यावर अजून जाणत्यांचं एकमत नाही. मला स्वतःला असली मधली माणसं कधी आवडली नाहीत. एक तर हो म्हणावं, नाही तर नाही म्हणावं, असा माझा स्वभाव. तक्ता शिकवताना मी त्या रेघेवरून भरभर पुढे जायची.

एकादशीच्या नंतर दोनच दिवसांनी ते झालं. आधीचा माल ग्राहकाने परत पाठवला होता, म्हणून नमुना घ्यायला मी स्वतः भट्टीपाशी उतरले. धूर ओढणाऱ्या पंख्याचा पट्टा तुटला होता. पट्टा जेवणानंतर बसवू असं कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, "जेवणापर्यंत थांबायचं असेल तर मग मालही जेवूनच नापास होऊ दे." सगळे हसले आणि मूस उघडली. वितळलेल्या तांब्यात टेल्युरियम पडलं, पांढरट धूर उठला, आणि मी चिमटा घेऊन अगदी जवळ उभी होते. मास्क माझ्या गळ्यात होता. गळ्यात असलेला मास्क दागिन्यापलीकडे काही कामाचा नसतो.

नवऱ्याने विचारलं त्याच क्षणी मला खरं तर कळायला हवं होतं. पुस्तकात मी ते वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण आपल्याबद्दलची गोष्ट पुस्तकात आहे असं कुणाच्या मनात येत नाही. कारखान्याच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते एक पाऊल मागे सरकून हसले आणि म्हणाले, "टेल्युरियम. काही धोका नाही एवढ्याने. पाणी भरपूर प्या."

"वास कधी जाईल?"

"आठवडे लागतील. कधी कधी महिने. घामालाही येतो तो."

प्रकार असा होता. तक्त्यात प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक भावकी. ऑक्सिजन, त्याच्याखाली गंधक, मग सेलेनियम, मग टेल्युरियम. लसणाला त्याचा वास गंधकामुळे येतो. शरीरात टेल्युरियम गेलं की शरीर त्याला गंधकाच्याच भावकीतलं समजून तसंच वागवतं, त्याचा वायू करून श्वासावाटे बाहेर टाकतं. त्या वायूला हुबेहूब लसणाचा वास येतो. कणभर गेलं तरी पुरतं, आणि ज्याच्या तोंडाला येतो त्याला स्वतःला काही कळत नाही. मी तळहातावर श्वास सोडून सोडून पाहिलं. मला हाताचा वास यायचा.

भट्टीवरचा माणूस हरसूलकडचा आहे, वर्षानुवर्षं आमच्याकडे काम करतो. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला बी येत असंल मॅडम. पण घरी कोनाला कळलं नाय. आमच्यात रोजच लय लसून." आणि मजेत हसला. मी पण हसले. एकाच मुशीचा धूर दोघांनी घेतला होता. लाज मात्र माझ्या एकटीच्या वाट्याला आली, कारण माझं घर तसलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी लेकीचं अकरावीचं पुस्तक घेतलं आणि सासूबाईंसमोर जाऊन बसले. सासरे पेपरामागे होते. मी तक्ता उघडला, भावकी समजावून सांगितली. सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. त्या जुन्या मॅट्रिक, बुद्धीने तल्लख. कुणी काही समजावून सांगत असेल तर मध्ये तोडत नाहीत.

"हा धातू का?" त्यांनी टेल्युरियमच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"नाही."

"म्हणजे धातू नाही."

"तसंही नाही, आई. धातुसदृश."

"अगं, पण आहे की नाही?"

"दोन्हीच्या मधलं आहे."

त्यांनी चष्मा काढून मिटला. "मधलं असं काही नसतं," त्या म्हणाल्या. "खाल्लंय किंवा नाही खाल्लंय. तू खाल्लंस असं मी म्हणत नाही हो. पण न खाता वास येतो असं मी आजवर ऐकलं नाही, आणि तुझ्या माहेरची गाडी परवा बाजारातून परत जाताना इथे थांबली होती."

भाऊ कोथिंबिरीच्या जुड्या द्यायला आला होता, एवढंच. पण आयुष्यभर जे वाक्य मी लोकांच्या तोंडावर मारत आले तेच त्यांनी माझ्या तोंडावर मारलं होतं. मी पुस्तक मिटलं. मला खूप राग आला, आणि रागाच्या खाली लाज होती ती रागापेक्षा मोठी होती. काही केलेलं नसताना माणूस एवढं शरमतं कसं, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही नीटसं कळलेलं नाही.

मग ते दिवस सुरू झाले. वेलची, बडीशेप, लवंग यांच्यावर मी जगत होते. ऑफिसच्या बैठकीत माझ्या शेजारचा माणूस फोन आल्यासारखं करून उठायचा. रिक्षात बाई पदर नाकाला लावायची. नवऱ्याचा माझ्यावर विश्वास होता, तसं त्याने दहादा सांगितलं. पण झोपताना तो कुशीवर वळायचा, आणि वळताना "पाठ धरलीय" म्हणायचा. लेक तेवढी खरं बोलायची. "आई, आज कमी आहे," असं ती दारातच जाहीर करायची, परीक्षेचा निकाल सांगावा तसं. करोनाच्या वेळचे उरलेले मास्क मी माळ्यावरून काढले आणि घरातही लावायला लागले. माळ्यावर ती पालथी टोपली दिसली तेव्हा तिला लाथ मारावीशी वाटली.

नागपंचमीला माहेरी गेले. माझ्या आईला सगळं सांगितलं. ती शेवंतीचे वाफे खुरपत होती, हात न थांबवता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजी तू खाल्लंच नाय?"

"नाही."

"आन् तरी नाव वाईट व्हतंय?"

"हो."

"मंग खाऊन तरी घे बया. फुकटची बदनामी कशापायी?" आणि जेवायला बसल्यावर तिने ठेच्याचा वाडगा खरंच माझ्यापुढे सरकवला. हिरव्या मिरच्या, लसूण, वर कच्चं तेल. तोंडाला पाणी सुटलं. कुणाला कळणार नव्हतं, कारण वास तर आधीचाच होता. मी वाडगा परत सरकवला. धर्म म्हणून नाही, तर हट्ट म्हणून. जगात निदान एका ठिकाणी तरी मी खरी आहे एवढं मला हवं होतं. आई म्हणाली, "येडी हायेस," आणि माझ्या वाटचा ठेचा भावाच्या ताटात वाढला.

खरी भीती गौरींची होती. आमच्याकडे गौरीपूजनाच्या दिवशीचं पुरण मी करते. हे वाचताना काहीच वाटणार नाही, पण ती जागा मिळायला मला फार वर्षं लागली. सुरुवातीला त्या स्वयंपाकात मला भाज्या चिरायलासुद्धा बोलावत नसत. पाहुण्यांना पाणी देणं, रांगोळी काढणं, चपला नीट लावणं अशी कामं माझ्याकडे. मग एका वर्षी सासूबाईंचा खांदा दुखत होता म्हणून त्यांनी पुरणयंत्र माझ्या हातात दिलं, आणि पुढच्या वर्षी खांदा बरा असूनही पुन्हा दिलं. कुणी काही जाहीर केलं नाही. नैवेद्याचं ताट मात्र त्याच वाढायच्या, ते कधी कुणाच्या हातात गेलं नाही. पण पुरण माझं झालं. त्या घरात मी कोण, हे मला त्या पुरणाने कळलं होतं.

तक्ता मांडणाऱ्या माणसाची एक गोष्ट मी पोरांना आवडीने सांगायची. त्याने मूलद्रव्यं वजनाप्रमाणे ओळीत बसवली, पण टेल्युरियमपाशी अडला. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड भरत होतं, म्हणजे आयोडीनच्या नंतर बसायला हवं होतं. तरी त्याने त्याला आधी बसवलं. वजनावर जाऊ नका, याचं वागणं बघा, हे गंधकाच्याच घरातलं आहे, असं त्याचं म्हणणं. त्या दिवसांत मी ही गोष्ट मनातल्या मनात घोळवत होते. आमच्या घरात माझं वागणं कुणी बघणार होतं का, की नुसता वासच?

गौरींना सासऱ्यांची थोरली बहीण येते. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. आमच्या लग्नात त्यांनी मांडवातच म्हटलं होतं, "फुलं मखमलाबादहून आणावीत, सुना नाही." हे वाक्य माझ्या कानावर येईल अशा बेताने म्हटलं होतं. त्यांना सासूबाईसुद्धा वचकून असत.

पूजनाच्या आदल्या संध्याकाळी मीच सासूबाईंना विचारलं. विचारताना तोंडावर मास्क होता आणि नजर खाली. "आई, उद्या पुरण कुणी करायचं?"

"दरवर्षी कोण करतं?" म्हणाल्या, आणि वाती वळायला लागल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या "दरवर्षी" म्हणाल्या, "तू खाल्लं नाहीस" असं म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून डाळ शिजवली. मास्क लावलेलाच. पुरणयंत्र फिरवत असताना आत्याबाई आत आल्या. "हे काय? गौरींच्या स्वयंपाकाला तोंड बांधून?"

"शिंकबिंक आली तर, म्हणून."

"शिंक आली तर बाहेर जावं. काढ ते आधी."

मी काढलं. पुरण मऊ झालंय का बघायला त्या वाकल्या. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आला आणि तिथेच थांबला. मग त्या हळूहळू सरळ झाल्या. जेवायला बोलावलेल्या सवाष्णी बाहेरच्या खोलीत गौरींसमोर बसल्या होत्या. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आत्याबाई म्हणाल्या, "वहिनी, या घरात लसूण कुणी खाल्लाय?"

बाहेरच्या बांगड्यांचा आवाज थांबला. माझ्या हातातली यंत्राची मूठ घामाने निसटायला लागली, आणि घामालाही येतो, हे डॉक्टरांचं वाक्य नेमकं तेव्हा आठवलं. मी तोंड उघडलं. भावकी, गंधक, पांढरा धूर, सगळं घशाशी आलं होतं, आणि ते त्या ठिकाणी किती हास्यास्पद दिसेल तेही दिसत होतं.

"मी खाल्ला," सासूबाई म्हणाल्या.

त्या देव्हाऱ्यापाशी गौरींसाठी विड्याची पानं पुसत होत्या. पुसायच्या थांबल्याही नाहीत. "छाती भरली होती, वन्सं. भाजलेली पाकळी घेतली. औषधाला दोष नसतो म्हणतात."

"वहिनी! तुम्ही?"

"मीच."

आत्याबाईंचा आवाज उतरला, पण त्यांनी सोडलं नाही. "मग आज नैवेद्याला तुमचा हात कसा चालेल?"

"नाहीच चालणार," सासूबाई म्हणाल्या. पानं त्यांनी ताटात ठेवली आणि उठल्या. "ही वाढेल ताट. हिला सगळं येतं."

मी "आई," एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लेक लहानपणी चारचौघांत काही बोलायला लागली की त्या तिच्याकडे तसं बघायच्या. पदर सावरत त्या बाहेर गेल्या आणि सवाष्णींच्याही मागे, दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. लग्न झाल्यापासून ज्या बाईने एकदाही दुसऱ्याला ताट वाढू दिलं नव्हतं ती चपलांपाशी बसली होती, आणि आत मी केळीच्या पानावर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर क्रमाने वाढत होते. वरण भातावर न पडता बाजूला पडलं. मला इतकी शरम वाटत होती की गौरींच्या मुखवट्यांकडे मी वर बघितलंच नाही.

दुपारी जेवणं आटोपून पाहुण्या लवंडल्या तेव्हा लेक माझ्याकडे आली. "आई, आजीने मला शेजारच्या काकूंकडून लसणाची पाकळी आणायला सांगितली. दिली मी. ती गॅलरीत आहे."

गॅलरीत सासूबाई तुळशीच्या कुंडीपाशी माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मी पुढे होऊन पाहिलं. पाकळी कच्चीच होती आणि त्या ती चावत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. यंदाच्या चातुर्मासात त्या घरात लसूण खाणारी पहिली व्यक्ती त्या होत्या.

"आई, हे काय करताय?"

त्यांनी घास गिळला. "गौरी घरात असताना खोटं बोलले. ते तसंच ठेवून कसं चालेल? आता निदान खरं झालं."

"पण माझ्यासाठी कशाला..."

"वन्सं तुझ्या लग्नात जे बोलल्या होत्या ना, ते त्यांना आज खरं करून द्यायचं नव्हतं मला. तुझं माझं काय असेल ते आपल्या दोघींत."

मी त्यांचा हात धरला. "आई, गौरींची शपथ घेऊन सांगते. मी खाल्ला नव्हता."

त्यांनी माझा हात थोपटला. "शपथ नको घेऊ गं," त्या म्हणाल्या. अगदी मायेने म्हणाल्या. "असू दे. माहेरची सवय असते एकेक."

त्यांनी मला वाचवलं होतं, आणि त्यांच्या मते मी दोषीच होते. मी निर्दोष आहे असं मानून त्या माझ्या बाजूने उभ्या राहिल्या असत्या तर मी पाया पडून मोकळी झाले असते. रागावल्या असत्या तर भांडले असते, भांडण मला चांगलं जमतं. हे जे त्यांनी केलं ते दोन्हींत बसत नव्हतं. विश्वास नव्हता आणि तरी माझी जागा राखण्यासाठी त्यांनी स्वतःची सोडली होती. मधलं काही नसतं म्हणणाऱ्या बाईने. मला ते उपकार घ्यायचे नव्हते आणि ते परत करायची सोयही नव्हती. मी तिथे कुंडीशेजारी उभी राहून रडले. त्यांना वाटलं पश्चात्तापाने रडते आहे.

त्यांनी पुढे चातुर्मास चालूच ठेवला, पण कुणी कौतुकाने विचारलं की, "यंदा मोडला हो माझा," असं सांगायच्या. दर वेळी मला जमीन दुभंगावीशी वाटे.

नवरात्राच्या सुमाराला वास कमी झाला. दिवाळीत नवरा कुशीवर न वळता झोपला, त्यावरून मी समजले. लेकीने दारात उभं राहून "शून्य" असं जाहीर केलं. कारखान्यात पंख्याचा पट्टा कधीच नवा बसला होता, आणि आता मी मास्क गळ्यात ठेवत नाही. नव्या पोरांना त्या जिन्यासारख्या रेघेपाशी थोडी जास्त वेळ थांबवते.

कार्तिकी झाली. द्वादशीला सकाळी सासूबाईंनी माळ्यावरची टोपली स्वतः उभं राहून काढायला लावली. स्वयंपाकघरातून मला बाहेर घालवलं. जेवायला बोलावलं तेव्हा माझं एकटीचंच पान मांडलेलं होतं. बाजरीची भाकरी, भरलं वांगं, आणि वाटीभर लसणाची चटणी, माझ्या माहेरी करतात तशी, वर कच्चं तेल. फोन करून माझ्या आईला कृती विचारली होती म्हणे. त्या दोघी एकमेकींशी एरवी दिवाळीपुरत्याच बोलतात.

"बस," त्या म्हणाल्या, आणि समोर पाट घेऊन स्वतःही बसल्या. मग आवाज खाली आणून, सासऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "पोटभर खा. आता चोरून खायला नको."

मी घास हातात घेऊन थांबले. म्हटलं, "आई, कांदेनवमीनंतर आज पहिल्यांदाच खातेय."

"बरं, बरं," म्हणाल्या, आणि आणखी एक चमचा चटणी माझ्या ताटात वाढली.